गायीचे मेंदू, मेंढीचे लेबल: ब्रिटनमधल्या एका राष्ट्रीय संशोधनाचे प्रकरण

ऑक्टोबर 2001. ब्रिटनमध्ये मेंढ्यांची संख्या सुमारे चार कोटी. वेळ पडली तर हा सगळा कळप मारून टाकायचा, इथपर्यंतची तयारी असलेला आराखडा सरकारने नुकताच जाहीर केला होता आणि गायींचा ‘मॅड काऊ’ रोग मेंढ्यांतही शिरला आहे का, हे शोधणाऱ्या एका प्रयोगाच्या निकालाकडे डोळे लावले होते. तज्ज्ञ समितीची बैठक तोंडावर आली असताना दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवले की तुम्ही पाठवलेल्या मेंदूच्या लगद्यात मेंढीचा अंशही सापडत नाही. सगळा लगदा गायीचा आहे.

वर्तमानपत्रांनी याची यथेच्छ टिंगल केली. शास्त्रज्ञांना गाय आणि मेंढी ओळखता येत नाही, असा एकंदर सूर होता. मला ते वाचन अपुरे वाटते. हा नमुना दहा वर्षांत अनेक हातांतून गेला आणि प्रत्येक हाताने आपापले काम बऱ्यापैकी नीट केले. चूक झाली ती दोन हातांच्या मधल्या जागेत, म्हणून हे प्रकरण प्रयोगशाळेपेक्षा समन्वयाचे आहे. काम करणाऱ्या व्यक्तींची नावे येथे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

गायींचा हा मेंदूविकार, म्हणजे बीएसई, लोकांच्या तोंडी ‘मॅड काऊ’, नोव्हेंबर 1986 मध्ये वेब्रिज इथल्या केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत ओळखला गेला. मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली स्पंजासारखे भोके पडलेले दिसत. मेंढ्यांच्या स्क्रेपी या रोगात असेच दिसते आणि स्क्रेपी ब्रिटनला दोनशेहून अधिक वर्षे माहीत होता. (आपल्याकडेही हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरी भागातल्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद 1961 मध्ये झाली आहे.) हे सगळे प्रायॉनचे रोग. शरीरातलेच एक प्रथिन चुकीची घडी घेते, शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावते आणि मेंदू हळूहळू निकामी होतो. ताप येत नाही, रक्तात प्रतिपिंडे सापडत नाहीत, लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत वर्षे जातात. उकळून किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवूनही हे प्रथिन सहज नष्ट होत नाही.

1987 संपता संपता साथीचा माग लागला. मेलेल्या जनावरांची हाडे, आतडी, मांसाचे तुकडे शिजवून केलेली भुकटी गायींच्या खुराकात प्रथिनासाठी मिसळली जात होती. जुलै 1988 मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांच्या अवशेषांची भुकटी रवंथ करणाऱ्यांनाच खाऊ घालण्यावर बंदी आली. साथ मात्र लगेच ओसरली नाही, कारण लागण आधीच होऊन गेली होती. 1992 या एका वर्षात सुमारे 37 हजार गायींत रोग नक्की झाला. एकूण आकडा 1 लाख 80 हजारांच्या वर गेला.

माणसाला धोका आहे का, यावर फेब्रुवारी 1989 मध्ये सरकारने नेमलेल्या साउथवुड समितीने उत्तर दिले: माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फार कमी. या उत्तरामागे स्क्रेपीचा दाखला होता. लोक शतकानुशतके मेंढीचे मांस खात आले, कुणाला काही झाले नाही. पण हा दाखला लागू पडतो की नाही, हे तपासायचे होतेच, म्हणून 1990 मध्ये एडिंबरा इथे माणसांतल्या याच जातीच्या मेंदूविकारावर, म्हणजे क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोगावर (सीजेडी), देशभर लक्ष ठेवणारे एक केंद्र सुरू झाले. समन्वयाचा हा भाग चांगला वठला. प्रत्येक संशयित रुग्णाचे कागद एकाच ठिकाणी येत असल्यामुळेच तरुण वयातले, वेगळ्या लक्षणांचे दहा रुग्ण नजरेत भरले आणि 20 मार्च 1996 रोजी आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावे लागले की गायींच्या रोगाशी यांचा संबंध असण्याचाच संभव सर्वाधिक आहे.

प्रश्न: मेंढ्यांचे काय?

1988 पूर्वी तीच भुकटी काही प्रमाणात मेंढ्यांनीही खाल्ली होती. 1993 मध्ये एका प्रयोगाने दाखवून दिले की बीएसईग्रस्त गायीचा अर्धा ग्रॅम मेंदू तोंडावाटे दिला तरी मेंढीला रोग होऊ शकतो. मग कळपांतल्या मेंढ्यांना तो झालाच नसेल कशावरून? तशा मेंढीची लक्षणे बाहेरून स्क्रेपीसारखीच दिसणार. पशुवैद्य ‘स्क्रेपी’ लिहून मोकळा होणार.

गायींच्या बाबतीत एक सोय होती. संसर्ग मुख्यतः मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि आतड्याच्या काही भागांत असतो. ते अवयव कत्तलखान्यातच काढून टाकले की उरलेले मांस बऱ्यापैकी सुरक्षित. 1989 पासून ब्रिटनमध्ये हेच चालू होते. मेंढीत ही सोय चालत नाही. तिच्या प्लीहा, टॉन्सिल आणि ठिकठिकाणच्या लसिका ग्रंथींत प्रायॉन लवकर पसरतात, आणि ग्रंथी तर मांसात सगळीकडे असतात. शिवाय स्क्रेपी एका मेंढीकडून दुसरीकडे जातो, विशेषतः विताना बाहेर पडणाऱ्या वारेतून. बीएसईही मेंढ्यांत तसाच पसरू लागला असेल तर खुराकावरच्या बंदीने तो थांबणार नव्हता.

म्हणजे उत्तर ‘हो’ आले असते तर मटण विकणेच बंद. सरकारच्या आराखड्यात संपूर्ण कळप मारण्याचा पर्याय आला तो इथून.

हाताशी काय होते

1990 ते 1992 या काळात कृषी मंत्रालयाच्या रोग अन्वेषण केंद्रांनी (आपल्याकडे पुण्याच्या औंधला आहे त्या जातीची ही केंद्रे) स्क्रेपीने मेलेल्या किंवा मारलेल्या 2,800हून अधिक मेंढ्यांचे मेंदू जमा केले. हेतू पूर्णपणे वेगळा होता. हाडामांसाची भुकटी करण्याच्या कुठल्या पद्धतीत स्क्रेपीचा संसर्ग मरतो आणि कुठल्या पद्धतीत टिकतो, हे बघायचे होते. त्यासाठी भरपूर संसर्गित माल हवा, म्हणून सगळे मेंदू एकत्र करून लगदा केला. असाच वेगळा लगदा बीएसईग्रस्त गायींच्या मेंदूंचाही केला गेला. त्याच काळात, त्याच केंद्रांत गायींच्या डोक्यांतून मेंदू काढण्याचे कामही धडाक्यात चालू होते.

भुकटीच्या प्रयोगासाठी हे पुरेसे होते. मेंढीच्या लगद्यात चमचाभर गायीचा मेंदू गेला असता तरी त्या निष्कर्षाला फारसा धक्का लागला नसता. ही गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. प्रयोग संपला, उरलेला लगदा फ्रीझरमध्ये गेला.

पहिला निर्णय: उरलेला लगदा वापरायचा की नाही

1996 नंतर मेंढ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा पर्याय फार नव्हते.

नवे मेंदू एकेक करून, नोंदीसह जमवायचे, हा पहिला. शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ. अडचण काळाची होती. सर्वाधिक भुकटी खाल्लेल्या मेंढ्या 1988 च्या आसपासच्या, आणि रोगाला फुटायला दोन ते पाच वर्षे लागतात. 1997 मध्ये जमवलेले मेंदू बहुतेक पुढच्या पिढ्यांचे असते. त्यांत काही सापडले नाही म्हणजे आधी काही नव्हते, असे म्हणता आले नसते.

दुसरा पर्याय म्हणजे रासायनिक चाचणीची वाट बघणे. प्रथिनाच्या तुकड्यांवरून रोगाचा प्रकार ओळखण्याचे तंत्र 1996 पासून आकार घेत होते, पण मेंढीतला बीएसई आणि स्क्रेपी यांत त्याने खात्रीने फरक करावा इतके ते तयार नव्हते.

तिसरा पर्याय फ्रीझरमध्ये पडून होता. 1990-92 चे मेंदू म्हणजे नेमका हवा तो काळ. लगदा उंदरांच्या ठरावीक जातींना टोचायचा, त्या किती दिवसांनी आजारी पडतात आणि मेंदूत कुठे किती भोके पडतात हे मोजायचे. बीएसईचा साचा यात ठळक उमटतो; सीजेडीचा माणसांतला नवा प्रकार आणि गायींचा रोग एकाच जातकुळीचे आहेत, हे 1997 मध्ये याच पद्धतीने दाखवले गेले. कृषी मंत्रालयाने खर्च द्यायचा आणि एडिंबराच्या प्राणिआरोग्य संस्थेतल्या गटाने उंदरांवर काम करायचे, असे ठरले. खर्च सुमारे 2 लाख 17 हजार पौंड.

माझ्या मते तिसरा पर्याय निवडण्यात चूक नव्हती. तो काळ परत मिळणार नव्हता. चूक त्या निवडीला जोडून जे विचारायला हवे होते ते न विचारण्यात आहे. प्रश्न बदलला होता. पूर्वी गायीचा थोडा अंश चालत होता. आता एक टक्का अंशही जीवघेणा, कारण प्रयोग नेमका त्याचाच शोध घेत होता. मेंढीच्या लगद्यात गायीचा मेंदू मिसळला असेल तर उंदीर ‘मेंढीत बीएसई आहे’ असेच सांगणार. तेव्हा लगदा टोचण्याआधी तो कुणाचा आहे, हे तपासणे ही पहिली पायरी हवी होती. डीएनएवरून जनावराची जात ओळखणे 1997 मध्ये अवघड राहिले नव्हते. मांसातली भेसळ पकडायला ते तंत्र वापरात होते.

आणखी एक दोष पद्धतीतच होता. वाटणात पडलेली मिरची परत वेगळी काढता येत नाही, तसे 2,800 मेंदू एकत्र केल्यावर त्यांतले किती रोगी, कुठल्या भागातले, हे कधीच कळणार नव्हते. निकाल ‘हो’ आला असता तरी सरकारला कळप मारायचा की पाच मेंढ्या, हे सांगता आले नसते.

2001: दबावाखालचा उन्हाळा

प्रायॉनचे प्रयोग उंदरांच्या आयुष्याच्या गतीने चालतात. पहिले उंदीर आजारी पडायलाच वर्षभर लागते, काही जातींना त्याहून पुष्कळ जास्त. निकाल दिसू लागले तोवर 2001 उजाडले होते, आणि ते वर्ष ब्रिटिश शेतीसाठी अत्यंत वाईट होते. फेब्रुवारीत लाळ्या-खुरकुताची साथ आली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. जूनमध्ये जुने कृषी मंत्रालय बंद करून त्याचे काम डेफ्रा या नव्या खात्याकडे दिले गेले. 1990 मध्ये मेंदू का जमवले, कसे जमवले, हे ज्यांच्या आठवणीत असू शकले असते ते लोक आणि कागद या फेरफारातून गेले. याचा नेमका किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण असे प्रयोग खात्यांपेक्षा जास्त जगतात आणि त्याची तरतूद कुणी केलेली नव्हती.

प्राथमिक निकालांत बीएसईशी जुळणाऱ्या खुणा दिसू लागल्या. तज्ज्ञ सल्लागार समितीसमोर विषय आला. सप्टेंबरमध्ये आराखडा प्रसिद्ध झाला.

दुसरा निर्णय: जाहीर करायचे, थांबायचे की तपासायचे

निकाल खरा मानून कारवाई सुरू केली असती तर मेंढपाळीचा धंदा बसला असता. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागांत दुसरे काही फारसे पिकतही नाही. उरलेल्या उंदरांची वाट पाहायची म्हटले तर लोक तोवर ते मटण खाणार. 1996 च्या आठवणी ताज्या होत्या आणि सरकारने बीएसईची साथ कशी हाताळली याच्या फिलिप्स चौकशीचा सोळा खंडांचा अहवाल येऊन जेमतेम वर्ष झाले होते. सरकारने लोकांना धीर देण्याच्या नादात धोका लपवल्यासारखे वागू नये, हा त्याचा धडा प्रत्येक अधिकाऱ्याच्या डोक्यात होता. तो धडा घाईकडे ढकलत होता.

समितीतल्या तज्ज्ञांना मात्र लगद्यात गायीची भेसळ असण्याची शंका होती. म्हणून नमुने टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेकडे डीएनए तपासणीसाठी गेले. अपेक्षा होती की थोडाफार अंश सापडेल किंवा काहीच सापडणार नाही. 17 ऑक्टोबरला उत्तर आले: सगळे गायीचे.

संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. चार वर्षे उशिरा, पण कुऱ्हाड पडण्याआधी.

त्या दिवशीच्या एका कृतीने मात्र सरकारने आपली पत घालवली. बातमी रात्री उशिरा डेफ्राच्या संकेतस्थळावर टाकली गेली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका खात्यातल्या सल्लागाराचा ईमेल फुटला होता: 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्या दिवशी नको असलेल्या बातम्या उरकून घ्याव्यात, अशा अर्थाचा. त्यामुळे रात्रीची ही घोषणाही त्याच माळेतली मानली गेली. बातमी खरे तर सरकारच्या बाजूची होती. प्रयोग फसला म्हणजे मेंढ्यांत रोग सापडलेला नव्हता. सकाळी पत्रकार परिषद घेऊन सांगितली असती तर एवढी राळ उडाली नसती.

तपासण्यांत काय निघाले

सरकारने दोन स्वतंत्र तपासण्या करवल्या. नोव्हेंबरअखेर आलेल्या अहवालांत लोकांना वाटले होते तसा एखादा ‘दोषी’ सापडला नाही. सापडला तो नोंदींचा अभाव. कुठला डबा कुठून आला, कुणी कधी उघडला, कुठल्या डब्यातून उंदरांना टोचले आणि कुठल्यातून टेडिंग्टनला पाठवले, हे कागदांवरून शेवटपर्यंत जुळवता येत नव्हते. टेडिंग्टनने तपासलेला लगदा आणि उंदरांना टोचलेला लगदा एकच होता, हेही सिद्ध करता येईना. उंदरांवर काम करणाऱ्या एडिंबराच्या संस्थेचा आक्षेप याच मुद्द्यावर होता आणि तो पोकळ नव्हता. दोन लगद्यांची अदलाबदल 1990 च्या सुमारास झाली, की नंतर फ्रीझरपाशी, की नुसत्या तपासणीच्या नमुन्यात, हे कायमचे अनुत्तरित राहिले.

थोडक्यात, प्रयोग चुकीचा ठरला असेही म्हणता येईना आणि बरोबर होता असेही नाही. तो निरुपयोगी ठरला.

समन्वय कुणाचा?

गायी आणि मेंढ्या कृषी मंत्रालयाकडे. रुग्ण आरोग्य विभागाकडे. प्राण्यांवरच्या मूलभूत संशोधनाचा पैसा एका संशोधन परिषदेकडून, माणसांवरच्या संशोधनाचा दुसरीकडून. 1989 पासून संशोधनाचे अग्रक्रम ठरवायला टायरेल समिती होती, मग 1990 पासून कायमची सल्लागार समिती आली. 1996 नंतर थेट कॅबिनेट सचिवांच्या पातळीवर देखरेख सुरू झाली. समित्यांची वाण नव्हती.

पण या समित्या काय बघत होत्या? विषय कुठले घ्यायचे, पैसा कुणाला, निकाल कधी. खालच्या थरावर, फ्रीझर ते सुई या टप्प्यात, देशाचा म्हणून कुणी नव्हता. नमुना गोळा करणारी केंद्रे मंत्रालयाची, लगदा करणारे वेगळे, उंदीर टोचणारे वेगळे. एकाने दुसऱ्याला माल दिला, मालाचा इतिहास दिला नाही, आणि घेणाऱ्यानेही मागितला नाही. दोघेही नावाजलेले, दोघांचा एकमेकांवर विश्वास. अनोळखी माणसाकडून आलेला डबा कुणीही उघडून बघितला असता.

इथेच सीजेडीच्या केंद्राशी तुलना करावीशी वाटते. तिथे रुग्णाची भेट, इतिहास, मेंदूचे काप या सगळ्याची जबाबदारी एकाच छताखाली होती. मेंढ्यांसाठी तसे केंद्र कधी झाले नाही.

वेगळे काय करता आले असते

1990 मध्येच प्रत्येक मेंदूचा एक तुकडा लगद्यात न घालता क्रमांक देऊन वेगळा ठेवायला हवा होता. खर्च नगण्य. पुढे कुठलाही प्रश्न विचारला गेला असता तरी एकेक जनावरापर्यंत मागे जाता आले असते. कामाच्या रगाड्यात, एका मर्यादित प्रयोगासाठी, हे कुणाला सुचले नाही याचा दोष मी त्या वेळच्या माणसांना देणार नाही. 1997 मध्ये मात्र करार करताना ‘या मालाची ओळख कुणी, कशी पटवली?’ एवढे एक कलम घालता आले असते, आणि त्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची होती.

निकाल येण्याआधीच, शांत वातावरणात, कुठला निकाल आला तर काय करायचे आणि त्यासाठी किती पुरावा पुरेसा मानायचा हेही ठरवता आले असते. आराखडा सप्टेंबर 2001 मध्ये, निकाल डोक्यावर असताना आला. एकाच लगद्यावरच्या एकाच प्रयोगाला चार कोटी जनावरांचा निर्णय टांगणे बरोबर नव्हते. दुसऱ्या प्रयोगशाळेत, स्वतंत्रपणे जमवलेल्या मेंदूंवर समांतर काम 1997 पासूनच चालू हवे होते.

पुढे काय झाले

मूळ प्रश्न तसाच उरला. जानेवारी 2002 मध्ये लंडनच्या संशोधकांनी गणिती अंदाज मांडला: मेंढ्यांत बीएसई असेल आणि पसरत असेल तर अगदी वाईट धरून चालल्यास पुढच्या काळातले मानवी मृत्यू दीड लाखांपर्यंत जाऊ शकतात. तसे झाले नाही. ब्रिटनमध्ये नव्या सीजेडीचे एकूण बळी 178 वर थांबले आहेत.

सरकारने दोन दिशांनी पावले टाकली. स्क्रेपीला दाद न देणाऱ्या जनुकीय प्रकाराचे मेंढे वापरून कळप सुधारण्याची राष्ट्रीय योजना 2001 च्या उन्हाळ्यातच सुरू झाली होती. तिला जोर मिळाला. ही योजना ‘रोग आहे का’ या प्रश्नाचे उत्तर येण्याची वाट पाहत नव्हती, त्यामुळे ती मला प्रयोगापेक्षा शहाणी वाटते. दुसरे म्हणजे डेफ्रा, अन्नमानक संस्था आणि दोन संशोधन परिषदांनी मिळून 2003 मध्ये संशोधनाच्या गुणवत्तेची संयुक्त संहिता काढली. सरकारी पैशातून संशोधन करणाऱ्याने नमुन्यांचा माग, उपकरणांची तपासणी आणि नोंदवह्या कशा ठेवायच्या, हे तिच्यात आहे, आणि पैसे देणारा ते प्रत्यक्ष येऊन तपासू शकतो.

गायींचा बीएसई लहान रवंथ करणाऱ्या जनावरात नैसर्गिकरीत्या गेल्याचा पुरावा अखेर फ्रान्समधून आला, आणि तो मेंढीत नव्हता. मार्च 2000 मध्ये जन्मलेली, ऑक्टोबर 2002 मध्ये नेहमीच्या देखरेखीखाली कत्तल झालेली एक शेळी. तिच्या मेंदूवर रासायनिक चाचण्या झाल्या, मग तीच उंदरांची पद्धत वापरली गेली आणि 28 जानेवारी 2005 रोजी युरोपीय आयोगाने रोग पक्का असल्याचे जाहीर केले. सुमारे 300 शेळ्यांचा तो कळप आधीच नष्ट केला होता. एक जनावर, एक मेंदू, एक क्रमांक असल्याने ती कुठल्या गोठ्यातली, कधी जन्मली हे कुणाला शोधत बसावे लागले नाही. त्यानंतर युरोपात शेळ्यांच्या चाचण्या वाढवण्यात आल्या.